मागचं वजन

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजारामपुरीत औषधाच्या दुकानात उभा होतो. आक्काचा कमरेचा पट्टा सैल झाला होता, तो बदलून घ्यायचा होता आणि दुकानदार मला माप विचारत होता. फोनवर आक्काच होती. "सदा, तुझं दाजी गेलं. जेवून आडवं झालतं, उठलंच न्हाईत," म्हणाली. मग, "ट्रॅक्टर बाहीर हाय आन् बकेट वरच हाय त्येची. कुणालातरी खाली घ्याय सांग..." मी नवा पट्टा पिशवीत घातला आणि पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. आज त्याला दीड महिना झाला. खरं सांगायचं तर, बकेट वर ठेवून दाजी जेवायला गेले याचंच मला वाटेत जास्त नवल वाटत होतं. ट्रॅक्टर उभा करताना पुढची शेण उचलायची बकेट जमिनीला टेकवायचीच, हा नियम त्यांनी चार वर्षांत एकदाही मोडला नव्हता. सकाळपासूनच बरं वाटत नसणार. पण ते सांगणाऱ्यातले नव्हते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, गणपतराव. पन्हाळ्याच्या पायथ्याला गाव, थोडा ऊस, थोडं भात, दारात चार म्हशी. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. चाळीस वर्षं ते मला 'पावणं' म्हणाले आणि मी त्यांना 'दाजी', आणि एवढ्या वर्षांत आमच्यात जे बोलणं झालं ते एका वहीत मावेल. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना तो प्रेमळ होता असं लिहायची पद्धत आहे. दाजी प्रेमळ नव्हते. हट्टी होते, तुटक बोलायचे, आणि एखादी गोष्ट तीन वेळा सांगितली की चौथ्यांदा सांगायचे नाहीत, सरळ करून मोकळे व्हायचे. आक्काशी त्यांचं बोलणं म्हणजे "च्या टाक", "धार झाली?" आणि "डेअरीची गाडी गेली?" एवढंच. आक्काही त्यांना साजेशीच. त्या दोघांचा संसार बघून मला नेहमी वाटायचं, ही दोन माणसं एकमेकांशी भांडतसुद्धा नाहीत, मग नक्की काय करतात?

आक्काच्या कमरेची गोष्ट चार वर्षांपूर्वीची. एका सकाळी शेणाचं घमेलं उचलताना ती वाकली ती तशीच राहिली. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मणक्यातली चकती सरकल्याचं सांगितलं आणि बजावलं, यापुढं पाण्याच्या तांब्यापेक्षा जड काही उचलायचं नाही. पुन्हा असं झालं तर पायातलं बळ जाईल, मग ऑपरेशन करूनही खात्री नाही. आक्कानं शहाण्यासारखी मान हलवली आणि चार दिवसांनी डोक्यावर घमेलं घेऊन उकिरड्याकडं चालू लागली. लग्न होऊन आली तेव्हा ती वेताच्या बुट्टीतून शेण वाहायची, पुढं लोखंडी घमेली आली. तिची सहा घमेली होती आणि प्रत्येकाच्या काठाला तिनं निळ्या ऑइलपेंटची रेघ ओढली होती. शेजारी धाकट्या दिराचं घर. अंगण एकच, गोठे दोन. जाऊ सुलभा न विचारता वस्तू नेते, अशी आक्काची जुनी तक्रार, म्हणून ही रेघ. पुण्याहून तिचा मुलगा विजय म्हणाला, आई, म्हशी विकून टाकू. आक्का म्हणाली, "इका की. मलाबी त्याच दावणीला बांधून इका." दाजींनी तिला घमेलं उचलू नको म्हणून तीन वेळा सांगितलं. मग सांगायचं बंद केलं.

रस्त्याच्या एका कामावर मोठ्या ट्रॅक्टरला पुढं लोडर बसवलेला त्यांनी कुठंतरी पाहिला होता. पुढून बकेट खुपसायची, माती उचलायची, ट्रकात ओतायची. तेच शेणाला का चालणार नाही? दाजींचा ट्रॅक्टर मात्र लहानखुरा, मागची दोनच चाकं ओढणारी, उसाच्या सरीतून फिरावा म्हणून घेतलेला. ते मला घेऊन उद्यमनगरात सलीम मिस्त्रींच्या वेल्डिंगच्या शेडवर गेले. विज्ञान शिकवलेला पाहुणा सोबत असला की मिस्त्री थापा मारणार नाही, असा त्यांचा समज असावा. सलीम मिस्त्रींनी ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "मालक, ह्यो लोडरचा ट्रॅक्टर न्हवं. पुढची चाकं बगा की, सायकलीची वाटत्यात." दाजी तिथल्याच एका पालथ्या डब्यावर बसून राहिले. तासाभरानं मिस्त्री वैतागून पुन्हा आले आणि त्यांनी तीन अटी घातल्या. लोडरची चौकट नुसती नाकाला न अडकवता मागच्या एक्सलपर्यंत नेऊन आवळायची, नाहीतर सगळा ताण मधल्या जोडावर येऊन ट्रॅक्टर कमरेत मोडेल. बकेट लहान ठेवायची. आणि ट्रॅक्टरच्या मागं वजन बांधायचं, पुढच्या मालाला तोलून धरेल एवढं. पहिल्या दोन अटी दाजींनी मान्य केल्या. तिसरीला म्हणाले, "वजनाचं बगू मागनं." मी एका पुठ्ठ्यावर तरफेची आकृती काढून दाखवली. पुढची चाकं म्हणजे टेकू, बकेट म्हणजे भार... दाजींनी आकृती बघितली आणि म्हणाले, "पावणं, ही पहार हाय. पहार मला शिकवू नगासा."

लोडर बसवून ट्रॅक्टर दारात आला त्या दिवशी नारळ फुटला, हार पडला. मी मुद्दाम गेलो होतो, सलीम मिस्त्रीही होते. दाजींचा धाकटा भाऊ शिवाजी होता, सुलभा तिच्या दारात उभी होती आणि आक्का हाताची घडी घालून गोठ्याच्या तोंडाशी. दाजींनी बकेट उकिरड्यात खुपसली आणि दांडा ओढला. बकेट जागची हलली नाही. ट्रॅक्टरचाच मागचा भाग वर आला, मोठी चाकं जमिनीपासून चांगली वीतभर, आणि वरच्या वर गरगर फिरू लागली. दाजी ओरडले, "मागं बसा की कुणीतरी!" शिवाजी एका मडगार्डवर चढला, सलीम मिस्त्री दुसऱ्यावर, आणि मी अवजारं अडकवायच्या मागच्या जोडदांड्यांवर. मी तेव्हा चांगला नव्वद किलोंचा होतो आणि तीस वर्षं तरफ शिकवून बसलो होतो. माणसाचं वजन असं वापरू नये हे मला सर्वांत चांगलं माहीत होतं, आणि सर्वांत आधी मीच चढलो. चाकं खाली टेकली, बकेट उचलली गेली, सगळ्यांनी आरडाओरडा केला. दाजींनी वळवायला म्हणून स्टिअरिंग फिरवलं आणि ओलं शेण बकेटीत एका अंगाला सरकलं. ट्रॅक्टरनं पुढं मान टाकली, मागनं उसळी मारली, आणि आम्ही तिघं तीन दिशांना पडलो. मी उकिरड्यात. चष्मा चाकाखाली. सुलभाला हसू आवरेना. दाजींनी शांतपणे बकेट टेकवली, इंजिन बंद केलं, खाली उतरून मला हाताला धरून ओढून काढलं आणि म्हणाले, "पावणं, कमी पडलासा."

मी अंघोळ करून बाहेर आलो तेव्हा आक्का डोक्यावर घमेलं घेऊन अंगणातून चालली होती. दाजी पाना घेऊन ट्रॅक्टरपाशी उभे होते. ती त्यांच्या समोरून गेली, शेण टाकून परत आली, पुन्हा भरून गेली. तिसऱ्या खेपेला तिनं गोठ्याचा खांब धरला आणि डोळे मिटून थोडा वेळ तशीच थांबली. मी दाजींकडं पाहिलं. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, फक्त हातातला पाना त्यांनी खाली ठेवला नव्हता.

पुढच्या आठवड्यात दाजींनी आक्काला आमच्याकडं पाठवलं. कमरेला ताण देण्याचे उपचार घ्यायचे होते, आठ दिवस राहायचं होतं. 'म्हशींचं मी बगतो' असा निरोप होता. त्याच आठ दिवसांत एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं, 'एकटंच या' म्हणून. मी गेलो तर अंगणात एक लोखंडी पिंप वरून कापून उभं केलेलं, त्याला सलीम मिस्त्रींनी मागच्या जोडदांड्यांत अडकवायचे लोखंडी कान जोडलेले, आणि शेजारी वाळू, खडी, सिमेंट. शिवाजी आणि सुलभा रानात गेले होते. मी पाणी ओतलं, दाजींनी खोऱ्यानं माल कालवला. पिंप पाव भरलं असेल, तेव्हा ते गोठ्यात गेले आणि आक्काची सहाही घमेली एकात एक घालून खांद्यावरून घेऊन आले. मला वाटलं, माल ओतायला आणली. त्यांनी एक घमेलं पिंपात ठेवलं आणि त्यावर खोऱ्यानं माल ओढला. मग दुसरं ठेवलं.

"अहो दाजी, ही आक्काची..."

"व्हय. म्हनूनच."

मी पाण्याची बादली धरून उभा. ते एकेक घमेलं काँक्रीटमध्ये बसवत होते, मधली हवा निघावी म्हणून पहारीनं ठोसत होते. सहावं ठेवलं आणि माल कमी पडला, त्याचा निळ्या रेघेचा काठ नखभर वर राहिला. दाजी त्याच्याकडं बघत म्हणाले, "तुमच्या भैनीला तीन डाव सांगिटलं. आता उचल म्हनावं." मग माझ्याकडं न बघता, "तिला सांगू नगासा." मी 'बरं' म्हणालो. त्या काठावर त्यांनी पेंडीचं एक रिकामं पोतं झाकलं आणि सुतळीनं आवळून बांधलं. पुढं कुणी विचारलं की सांगायचे, पावसानं सिमेंट खराब होतं. पावसानं सिमेंट खराब होत नाही हे मला माहीत होतं, पण विज्ञान मी फक्त शाळेत शिकवलं.

आक्का परत गेली, तिनं घमेली शोधली. दाजींना तिनं विचारलंच नाही. त्याच महिन्यात सुलभाच्या घराच्या मागच्या भिंतीचं काम चाललं होतं, गवंड्याला घमेली लागत होती. आक्काला आणखी पुरावा नको होता. नळावर तिनं सुलभाला बोल लावला. सुलभानं आपल्या म्हशीची शपथ घेतली. शिवाजी मध्ये पडला आणि म्हणाला, वहिनी, चोर म्हणालीस ना, आता तू बोलावल्याबिगर मी तुझ्या गोठ्याला पाय लावणार न्हाई. त्या दिवसापासून एका अंगणातल्या दोन घरांचं बोलणं बंद झालं. मला वाटलं, आता आक्का नवी घमेली आणणार आणि सगळंच मुसळ केरात जाणार. पण तिनं आणली नाहीत. "माजी घमेली सुली परत आणून ठेवंल, मगच मी घमेल्याला हात लावतो. नवी आणली तर तिला वाटंल, जिरलं हिला," असं तिनं मला फोनवर ठणकावून सांगितलं. आमच्या बाजूच्या बायका 'मी जाते' म्हणत नाहीत, 'मी जातो' म्हणतात. आक्का हे सगळं अशा थाटात म्हणाली की एखादा पैलवान आव्हान देतोय असं वाटावं.

मी दाजींना गाठलं. म्हटलं, सांगून टाका, विनाकारण दोन घरं फुटली. ते ट्रॅक्टरला ग्रीस भरत होते. भरून झाल्यावर हात पुसत म्हणाले, "सांगिटलं की उद्या नवी आणंल. भांडान हाय तवर तिची कंबार हाय, पावणं." मला त्यांचा संताप आला होता. सख्ख्या भावाशी वैर पत्करून हा माणूस गप्प बसतो, आणि मलाही गप्प बसवतो. तो राग माझ्या मनातून आजही पुरता गेलेला नाही, आणि त्यात थोडा स्वतःवरचाही आहे, कारण चार वर्षं मीही तोंड उघडलं नाही. नळावर सुलभा मला बघून पदर सावरून "कवा आलासा?" विचारायची आणि मी चोरासारखा उत्तर द्यायचो.

पण काम मात्र चाललं, हे मान्य करायला हवं. मागं पिंप बांधल्यावर ट्रॅक्टरची चाकं पुन्हा कधी उचलली गेली नाहीत. आक्का लांब दांड्याच्या फावडीनं उभ्यानं गोठ्यातलं शेण बाहेर लोटायची आणि दाजी बकेटनं ते उकिरड्यावर टाकायचे, महिन्याकाठी त्याच बकेटनं ट्रॉली भरायचे. पुढं भार आल्यावर स्टिअरिंग फिरवायला इतकं जड व्हायचं की दाजींचे दंड भरले होते. बकेट जमिनीलगत ठेवून, गोगलगाईसारखा ट्रॅक्टर चालवत ते अंगण ओलांडायचे. शेवटचा भेटलो तेव्हाही हेच चाललं होतं. मी अंगणात खुर्चीवर, आक्का गोठ्यात. ते माझ्याशेजारी येऊन बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "औंदा तिनं एकदाबी कंबार धरली न्हाई." एवढंच. मी "बरं झालं" म्हणालो. आता वाटतं, आणखी काहीतरी बोलायला हवं होतं...

दाजींच्या मातीच्या दिवशी बकेट शिवाजीनंच खाली घेतली. ट्रॅक्टर गोठ्यात नव्हता, अंगणात होता, त्यामुळं त्याची शपथ मोडली नाही. सुलभानं तेरा दिवस दोन्ही घरचा स्वयंपाक केला, पण ताट आक्कासमोर ठेवताना तिचं नाव घेतलं नाही, आणि आक्कानंही वर पाहिलं नाही. विजय पुण्याला परत गेला, ट्रॅक्टर विकायचं बघू म्हणाला. ट्रॅक्टर तसाच उभा राहिला. चालवता येणारा माणूस तिथून वीस पावलांवर राहत होता आणि त्याला कुणी हाक मारत नव्हतं. गोठ्याबाहेर शेणाचा ढीग वाढत चालला. गेल्या आठवड्यात आक्काचा फोन आला. "सदा, येताना दोन घमेली घिऊन ये. चांगली जाड पत्र्याची." मी म्हटलं, आक्का, तू तर आणणार नव्हतीस. ती म्हणाली, "आता हट्ट कुणाला दावायचा?"

मी घमेली विकत घेतली. हेही लिहून ठेवतो. दुकानात वाजवून, काठ तपासून दोन घमेली घेतली आणि गाडीच्या डिकीत टाकली. दिलेला शब्द पाळायचा तर ही तिला द्यायची आणि तिचे पाय जायची वाट बघायची. शब्द मोडायचा तर दाजींनी चार वर्षं सोसलेलं मी एका वाक्यात उघडं पाडायचं, आणि ते ऐकून ती काय करेल हे मला माहीत नव्हतं. नवी घमेली मागून घेईल, असंच वाटत होतं. वाटेत ती डिकीत एकमेकांवर आपटत होती. गाव येईपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं.

आक्का नव्या पट्ट्यात, अंगणात उभी होती. "आणलीस?" मी डिकी उघडली नाही. तिला म्हटलं, जरा इकडं ये, आणि ट्रॅक्टरच्या मागं गेलो. सुतळी इतकी कडक झाली होती की सुटेना, शेवटी मी ती दाताखाली धरून ओढली. पोतं बाजूला केलं. काँक्रीटमधून नखभर वर आलेला गंजका काठ आणि त्यावर मळकी निळी रेघ. आक्का वाकू शकत नाही, म्हणून ती पिंपाच्या काठाला हात टेकून उभी राहिली आणि बोटानं ती रेघ पुसून बघितली. एकदा, दोनदा.

"सगळी?"

"सहाही. एकावर एक."

"तुला म्हायीत हुतं?"

मी मान डोलावली. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी साठी उलटलेला माणूस पुन्हा तिचा धाकटा भाऊ झालो. मग तिनं पिंपाला तळहातानं दोन थापा मारल्या, जशा ती म्हशीच्या पाठीवर मारते. रडली नाही. मला मात्र भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी पोतं झटकत बसलो.

डिकीतली घमेली तिनं पुन्हा विचारली नाहीत. पदर खोचला आणि अंगण ओलांडून सरळ सुलभाच्या दारात गेली. चार वर्षांत पहिल्यांदा. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"सुले, घमेली गावली."

मग सुलभा उंबऱ्यात आली, हात पिठाचे. तिच्या मागं शिवाजी.

"कुठं हुती?"

आक्कानं वळून ट्रॅक्टरकडं पाहिलं.

"ह्यांनी मागं ठेवलती," ती म्हणाली.